नेच्यांचे अभ्यासक फादर ब्लाटर

आषाढ लागला म्हणजे कर्जत-खालापूरच्या मुलखाचें रूप पालटतें. बोरघाटाच्या कड्यांवरून धबधबे कोसळूं लागतात, उल्हास व पाताळगंगा या नद्या गढूळ पाण्यानें फुगतात, आणि वैशाखांत उघडी-बोडकी दिसणारी प्रत्येक भिंत, प्रत्येक बांध व प्रत्येक विहीर हिरवी होते. या हिरवाईंत कांहीं झाडें अशीं असतात कीं, त्यांच्याकडे सहसा कोणी वळूनहि पाहत नाहीं. त्यांना फूल नाहीं, फळ नाहीं, सुवास नाहीं. देवाला वाहण्यास तीं उपयोगी पडत नाहींत आणि गाईगुरेंहि त्यांना फारसें तोंड लावीत नाहींत. यांसच मराठींत नेचे म्हणतात. विहिरीच्या ओल्या दगडांतून काळ्या बारीक देठांवर डुलणारा हंसराज हा नेचा होय. आंब्याच्या फांदीला घट्ट धरून बसणारें बाशिंग हाहि नेचाच होय.

अशा उपेक्षित वनस्पतींसाठीं ज्यांनीं डोंगर तुडविले आणि आपल्या मुंबई इलाख्यांतील नेच्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून ठेविला, त्या फादर एथेल्बर्ट ब्लाटर यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

ब्लाटर यांचा जन्म १८७७ सालीं डिसेंबर महिन्यांत स्वित्झर्लंड देशांत, आपेन्झेल नांवाच्या डोंगराळ प्रांतांत झाला. आल्प्स पर्वताच्या पायथ्याचा तो प्रदेश कुरणांचा व दाट जंगलांचा आहे. १८९६ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आंतच, ते जेझुइट संघांत दाखल झाले. या संघांतील लोक संसार करीत नाहींत, धन सांठवीत नाहींत, आणि वरिष्ठ जेथें धाडतील तेथें जातात. शिक्षणाचें काम हें त्यांच्या मुख्य कामांपैकीं एक होय. मुंबईचें सेंट झेविअर कॉलेज याच संघानें १८६९ सालीं काढलें होतें. त्या कॉलेजांत शिकविण्यासाठीं तरुण ब्लाटर १९०३ सालीं मुंबईस येऊन पोहोंचले.

नवख्या शिक्षकाला मुंबईंत पहिली उणीव जाणवली ती साधनांची. वनस्पतिशास्त्र हें केवळ पुस्तकावरून शिकविण्याचें शास्त्र नव्हे. प्रत्यक्ष वनस्पति समोर नसेल, तर तिचें वर्णन पाठ करणें हें न पाहिलेल्या माणसाचा चेहरा पाठ करण्यासारखें आहे. म्हणून त्यांनीं १९०६ च्या सुमारास कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींचा एक संग्रह सुरू केला. असा संग्रह कसा करितात, हें आमच्या मुलांनीं समजून घेण्याजोगें आहे. डोंगरांतून आणलेली डाहळी शाईटीपासारख्या कागदांच्या घड्यांत पसरून दाबावयाची. कागद ओला झाला कीं बदलावयाचा, तो पुन्हां ओला झाला कीं पुन्हां बदलावयाचा. आपल्याकडील पावसाळी हवेंत हें काम फार चिकाटीचें असतें, कारण एक दिवस आळस केला तरी बुरशी येते आणि सगळी मेहनत फुकट जाते. वनस्पति वाळली म्हणजे ती जाड कागदावर चिकटवावयाची आणि खालीं तिचें नांव, सांपडण्याचें ठिकाण, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहावयाचें. ज्या कागदावर ठिकाण व तारीख नाहीं, तो कागद शास्त्राच्या दृष्टीनें जवळजवळ निरुपयोगी होय. नेच्याच्या बाबतींत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके आलेले असतील असेंच पान घ्यावें लागतें, आणि जमिनींतील खोडाचा तुकडाहि बरोबर ठेवावा लागतो. त्यांवांचून जात ओळखणें कठीण होतें.

कांहीं वर्षांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करण्यासाठीं ब्लाटर यांस युरोपांत परत जावें लागलें. तेथें त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. याच सुमारास त्यांनीं अरबस्तान व एडन येथील वनस्पतींचा अभ्यास हातीं घेतला होता. एडनच्या वनस्पतींवरील त्यांचें लेखन १९१४ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. पुढें सारें जग महायुद्धाच्या वणव्यांत सांपडलें, आणि त्याची झळ मुंबईच्या या कॉलेजासहि लागली.

सेंट झेविअर कॉलेजांतील पुष्कळ शिक्षक जर्मन होते. युद्ध सुरू होतांच ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ज्यांनीं आयुष्याचीं उत्तम वर्षें मुंबईच्या मुलांना शिकविण्यांत घालविलीं होतीं, त्यांना नजरकैदेंत ठेवण्यांत आलें आणि पुढें देशाबाहेर पाठविण्यांत आलें. ब्लाटर हे स्विस, म्हणजे तटस्थ राष्ट्राचे नागरिक होते, त्यामुळें त्यांना काम करण्यास मोकळीक राहिली. परंतु ही मोकळीक सुखाची नव्हती. गेलेल्या सहकाऱ्यांचा भार मागें उरलेल्या थोड्या लोकांवर पडला. वर्ग चालले पाहिजेत, परीक्षा झाल्या पाहिजेत, प्रयोगशाळा बंद पडतां कामा नये, अशा ओढाताणींत ब्लाटर यांनीं कॉलेजाचें काम सांभाळलें. १९१९ सालीं ते त्या कॉलेजाचे प्राचार्य झाले व सुमारें पांच वर्षें त्या जागेवर राहिले.

एवढ्या व्यापांत दुसऱ्या एखाद्यानें संशोधन गुंडाळून ठेविलें असतें. ब्लाटर यांनीं तसें केलें नाहीं. १९१७ सालीं, युद्ध चालूं असतांच, ते आपले सहकारी फादर हॅलबर्ग यांच्यासह जोधपूर व जैसलमेरच्या वाळवंटांत गेले. जेथें वर्षावर्षांत पावसाचे थेंब मोजून घ्यावे लागतात, तेथें कोणतीं झाडें जगतात आणि कशीं जगतात, हें त्यांनीं पाहिलें, आणि त्यावर सविस्तर निबंध लिहिला. हा निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९१८ पासून क्रमशः छापला गेला. १८८३ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पुढें उपाध्यक्षहि होते.

वाळवंटांतून आलेला हा माणूस त्यानंतर वळला तो पाण्यावांचून क्षणभरहि न जगणाऱ्या वनस्पतींकडे. याचें कारण समजण्यास थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचें मोठें वर्णन पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केलें होतें. तो ग्रंथ मोठ्या मोलाचा आहे. परंतु त्यांत फुलझाडांचाच विचार आहे. नेचे त्यांत नाहींत. दक्षिण हिंदुस्थानच्या नेच्यांवर कर्नल बेडोम यांनीं एकोणिसाव्या शतकांत ग्रंथ लिहिले होते. पण खंडाळ्याच्या अगर महाबळेश्वरच्या रानांत फिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं द्यावें असें आपल्या इलाख्याचें पुस्तक हवें होतें. ही उणीव ब्लाटर व त्यांचे सहकारी डि'आल्मेडा यांनीं भरून काढली. मुंबईच्या नेच्यांवरील त्यांचा ग्रंथ १९२२ सालीं मुंबईंतच, तारापोरवाला यांच्या प्रकाशनसंस्थेमार्फत प्रसिद्ध झाला. कॉलेजाचा कारभार अंगावर असतांना हें पुस्तक तयार झालें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नेचा हा विषय लहान नाहीं. फार प्राचीन काळीं, पृथ्वीवर एकहि फूल उमललें नव्हतें तेव्हां, नेचे व त्यांचे भाईबंद यांचीं अरण्यें होतीं. मनुष्यानें मात्र त्यांचें रहस्य फार उशिरां ओळखलें. फूल नाहीं, बीं नाहीं, मग नेच्यांची नवी रोपें येतात कोठून? युरोपांतील जुन्या लोकांची अशी समजूत होती कीं, नेच्याला बीं असतें पण तें अदृश्य असतें, आणि तें ज्याला सांपडेल तोहि अदृश्य होतो. खरा उलगडा एकोणिसाव्या शतकांत झाला. १८५१ सालीं होफ्माइस्टर या जर्मन शास्त्रज्ञानें नेच्याच्या जीवनाच्या दोन पिढ्या स्पष्ट करून दाखविल्या. पानाच्या पाठीवरील तपकिरी ठिपक्यांतून धुळीसारखीं बीजुकें उडतात. ओल्या मातीवर पडलेल्या बीजुकापासून नेचा उगवत नाहीं. उगवते ती नखाएवढी, बदामाच्या आकाराची एक हिरवी पातळ पापडी. या पापडीवर नर व मादी अवयव तयार होतात. नरपेशींना मादीपर्यंत पोहून जावें लागतें, आणि त्यासाठीं पाण्याचा निदान एक पातळ थर लागतो. दोघांचा संयोग झाला म्हणजे मग खरा नेचा डोकें वर काढतो. नेच्यास सावली व ओल कां हवी, या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. कडक उन्हांत ती नाजूक पापडी करपते, आणि ओल तुटली तर पुढची पिढीच जन्मास येत नाहीं.

हें शास्त्र कळलें म्हणजे आपल्या अंगणांत नेचे लावणें अवघड राहत नाहीं. थंड देशांत काटक नेचा म्हणजे हिम सोसणारा नेचा. आमच्याकडे हिम पडत नाहीं. आमच्याकडे काटकपणाची कसोटी चैत्र-वैशाखांत लागते. म्हणून जागा निवडतांना पावसाळ्याकडे पाहूं नये, उन्हाळ्याकडे पाहावें. विहिरीची अगर घराची उत्तरेकडील बाजू, फणसाची गर्द सावली, न्हाणीच्या पाण्याजवळचा कोपरा, अशा जागा उत्तम. मात्र साबणाचें पाणी मुळांशीं जाऊं देऊं नये. तळाला फुटक्या कौलांचे व विटांचे तुकडे घालावे, त्यावर कुजलेला पालापाचोळा, थोडी रेती व भुसभुशीत माती यांचें मिश्रण भरावें. नेच्याला ओल हवी, पण सांचलेलें पाणी नको. घाटांत तो दरडीवर उगवतो, डबक्यांत उगवत नाहीं. त्याचें आडवें खोड मातींत खोल पुरूं नये. तें वरचेवर ठेवून मुळें तेवढीं झांकावीं. जुना गड्डा विभागून लावावयाचा तर मृगाचा पाऊस लागतांच लावावा.

पुष्कळांची एक गैरसमजूत असते. दिवाळीनंतर हंसराजाचीं पानें पिवळीं पडून गळालीं म्हणजे कुंडी मेली असें समजून ती फेंकून देतात. वस्तुतः आमच्या भागांतील पुष्कळ नेचे पावसाळा सरला कीं झोंप घेतात. माती अगदीं कोरडी पडूं न देतां कुंडी सावलींत तशीच ठेवावी. ज्येष्ठांत ती पुन्हां फुटते. बाशिंगाचींहि दोन प्रकारचीं पानें असतात. खालचीं तपकिरी, सुकल्यासारखीं दिसणारीं पानें काढून टाकण्याचा मोह होतो. पण झाडावर बसलेला हा नेचा त्याच पानांच्या ओंजळींत पालापाचोळा व ओल सांठवून आपलें पोट भरतो. तीं पानें काढणें म्हणजे त्याचें कोठार लुटणें होय.

नेच्यांचे उपयोगहि दिसतात त्याहून अधिक आहेत. हंसराजाला देशी औषधांत फार दिवसांपासून स्थान आहे. जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारा एक लांब पानांचा नेचा मातींतील सोमल मोठ्या प्रमाणांत शोषून घेतो, असें २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. आणि १८२९ सालीं लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांनीं एका झांकलेल्या बाटलींत कोश ठेविला असतां तेथें आपोआप एक नेचा उगवला, यावरून त्यांना कांचेच्या बंद पेटींत झाडें जगविण्याची युक्ति सुचली. पुढें अशाच पेट्यांतून चहाचीं रोपें चीनमधून हिंदुस्थानांत आलीं. एका क्षुद्र नेच्याकडे लक्षपूर्वक पाहिल्याचा हा परिणाम होय.

आतां पुन्हां ब्लाटर यांच्या चरित्राकडे वळूं. अविश्रांत श्रमांनीं त्यांची प्रकृति खालावली. प्राचार्यपद सोडल्यावर हवापालटासाठीं ते पांचगणीस राहूं लागले व तेथील ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरु म्हणून काम पाहूं लागले. मोठ्या कॉलेजाचा प्रमुख एका लहानशा गांवाचा पुरोहित झाला. परंतु त्यांनीं यांत कमीपणा मानला नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील हें गांव वनस्पतींच्या अभ्यासकाला वनवास नव्हताच. येथूनच त्यांचें लेखन अखंड चालूं राहिलें. हिंदुस्थान व सिलोन येथील ताड-माडांच्या कुळावरील त्यांचा ग्रंथ १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. काश्मीरच्या सुंदर फुलांवरील दोन भाग १९२७ व १९२८ मध्यें बाहेर पडले. सिंधु नदीच्या मुखाकडील वनस्पतींचें वर्णन त्यांनीं चार्ल्स मॅक्कॅन व आमच्यांतीलच सबनीस यांच्या सहकार्यानें लिहिलें. बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें आपलें ब्रूल स्मृतिपदक प्रथम ज्यांना दिलें ते ब्लाटरच होत.

या यादींत एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांच्या बहुतेक ग्रंथांवर दुसऱ्या कोणाचें तरी नांव त्यांच्या नांवाबरोबर छापलेलें आहे. हॅलबर्ग, डि'आल्मेडा, मॅक्कॅन, सबनीस, मिलार्ड अशीं किती नांवें सांगावीं! कोणी धर्मबंधु, कोणी कॉलेजांतील सहकारी, कोणी वयानें पुष्कळ लहान, कोणी या देशांतील, कोणी परदेशीय. ज्यानें बरोबर डोंगर चढला त्याचें नांव पुस्तकावर असलें पाहिजे, ही रीत त्यांनीं पाळली. विद्येच्या क्षेत्रांत ही रीत सर्वत्र पाळली जातेच असें नाहीं, म्हणून ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

१९३४ च्या मे महिन्यांत पुणें येथें ब्लाटर यांचें देहावसान झालें. वय अवघें छप्पन्न वर्षांचें होतें. मेजावर पुष्कळ काम अर्धवट होतें. सर्वसाधारणपणें अशा वेळीं माणसाबरोबर त्याचें कामहि संपतें. येथें तसें झालें नाहीं. मॅक्कॅन यांच्यासह केलेलें मुंबई इलाख्यांतील गवतांवरील पुस्तक १९३५ सालीं निघालें. अरबस्तानच्या वनस्पतींचें वर्णन १९३६ मध्यें पुरें छापून झालें. मिलार्ड यांच्याबरोबर लिहिलेलें हिंदुस्थानांतील सुंदर वृक्षांवरील पुस्तक १९३७ सालीं बाहेर आलें, आणि तें पुढें कित्येक पिढ्यांनीं वाचलें. सेंट झेविअर कॉलेजांतील त्यांचा वनस्पतिसंग्रह तर वाढतच गेला. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनीं तो जोपासला. त्याच सांतापाव यांनीं आमच्या शेजारच्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ सालीं एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि पुढें ते भारताच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे प्रमुखहि झाले. आज तो संग्रह ब्लाटर यांच्याच नांवानें ओळखला जातो, आणि अभ्यासक अजूनहि तेथें जाऊन जुने कागद उघडून पाहतात. एकानें लावलेल्या झाडाला दुसऱ्यानें पाणी घातलें, म्हणून तें जगलें.

या कागदांचें मोल दिवसेंदिवस वाढत आहे, याचें कारण मात्र आनंदाचें नाहीं. ब्लाटर व त्यांचे सहकारी ज्या रानांत फिरले तीं रानें आतां तशीं राहिलेलीं नाहींत. आमच्याच दोन तालुक्यांत पाहा. जुन्या दगडी विहिरींना आंतून सिमेंटचा गिलावा होतो आणि हंसराजाची जागा नाहींशी होते. माळावर व डोंगरउतारावर बंगले उठतात. वाट काढण्यासाठीं दरड कापली जाते, मोठें झाड पाडलें जातें, आणि त्या झाडाच्या सावलींत वाढलेला नेचा एकाच उन्हाळ्यांत नष्ट होतो. त्याच्यावर कोणीं कुऱ्हाड चालविली नाहीं, तरी तो मरतो. सहलीस आलेले लोक पावसाळ्यांत घाटांतून नेचे उपटून घरीं नेतात. त्यांतील फारच थोडे जगतात. अशा वेळीं अमुक ठिकाणीं, अमुक दिवशीं, अमुक नेचा होता, हें सांगणारा शंभर वर्षांपूर्वींचा कागद हाच एकटा साक्षीदार उरतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ होईल किंवा न होईल. पण या चरित्रांतून घेण्यासारखें सर्वांना आहे. या पावसाळ्यांत आपापल्या गांवांतील विहिरींवर, देवळाच्या भिंतींवर, ओढ्याच्या कांठीं किती प्रकारचे नेचे आहेत तें पाहा. ते उपटूं नका. पडलेलें अगर एखादेंच पान घेऊन जुन्या वर्तमानपत्रांत दाबा, आणि खालीं गांवाचें नांव व तारीख स्वच्छ अक्षरांत लिहा. रोप हवें असेल तर बीजुकांपासून करा. उकळत्या पाण्यानें धुतलेली वीट पाण्याच्या ताटलींत ठेवावी, तिच्यावर पिकलेल्या पानाची तपकिरी धूळ झटकावी, वर कांचेचें भांडें उपडें घालावें, आणि सावलींत धीर धरून वाट पाहावी. कांहीं आठवड्यांनीं हिरवी सांय धरेल, मग बदामी पापड्या दिसतील, आणि कांहीं महिन्यांनीं पहिलें इवलेंसें पान उलगडेल. पालकांसहि विनंती अशी कीं, मुलांनीं विटेच्या तुकड्यावर काय मांडलें आहे म्हणून तो उचलून फेंकूं नये, आणि घरची विहीर दुरुस्त करतांना शक्य असेल तर तिची एखादी दगडी बाजू तशीच ओली राहूं द्यावी.

जिच्याकडे कोणी पाहत नाहीं तिच्याकडे नीट पाहणें, जें पाहिलें तें खरेंखरें लिहिणें, आणि ज्यानें साहाय्य केलें त्याचें नांव न विसरणें, एवढ्या तीन गोष्टींवर फादर ब्लाटर यांचें सारें मोठेपण उभें होतें. या तिन्हींसाठीं पैसा लागत नाहीं.